लंडन किती लांब?

प्रिय वसंता,
स. न. वि. वि.

माझा रक्तदाब आटोक्यात आहे आणि गुडघे होते तसेच आहेत. त्याविषयी अधिक लिहीत नाही. निखिलने आम्हा दोघांना सहा महिन्यांसाठी लंडनला बोलावले आहे आणि मी तिकीट काढायचे टाळतो आहे. हे तुलाच लिहितो, कारण दादा गेले तेव्हा मस्कतहून आलेल्या तुला विमानतळावर घ्यायला मीच आलो होतो.

निखिल म्हणतो, "बाबा, नऊ-दहा तासांचा तर प्रवास!" त्याचे खरे आहे. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. येताना तर उंचावरचे पश्चिमी वारे विमानाला मागून रेटतात, त्यामुळे साधारण तासभर वाचतोही. आईला विमानाच्या वेळा वाचून दाखवल्या: मुंबईहून पहाटे पाचला निघायचे, सकाळी दहाला उतरायचे. ती म्हणाली, "म्हणजे सातारा-मुंबईइतकेच की!" उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हे मी तिला सांगितले नाही.

माझा हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. साताऱ्याहून सकाळी साडेसातला फोन आला, तर तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असणार. थेट विमाने मोजकीच; त्यात जागा मिळाली, तर तीन तास आधी विमानतळ, नऊ तास हवेत, मुंबईत पासपोर्ट आणि सामान, आणि पुढे खंबाटकीत वाहतूक अडली नाही तर पाच-सहा तास. कशीही बेरीज केली तरी ती वीस तासांच्या आसपास जातेच. दुधाच्या वहीत हे आकडे पाहून हिने विचारले, "वीस लिटर दूध कोण प्यायले?"

मस्कत तर जेमतेम दीड हजार किलोमीटर, तीन तासांच्या आतले. पण तुझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, वार शुक्रवार, आणि किल्लीवाला सुट्टीवर. तुझा उशीर विमानाने केलाच नव्हता.

शाळेत मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून जवळची वाट दाखवली होती: पाकिस्तान, कास्पियन समुद्र, युक्रेन. तू भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून कुवेतच्या अंगाने रेघ मारलीस, आणि पैज हरूनही भेळ दिली नाहीस. आता ऐक. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनची हवाई हद्द बंद झाली, २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, आणि आपल्या कंपन्यांची विमाने अरबी समुद्रावरून, म्हणजे जवळजवळ तुझ्या रेघेने, वळसा घालून जाऊ लागली. तरीही भेळ तूच देणे लागतोस.

वाईच्या घराची गळती थांबली का? सुनेला नोकरी लागल्याचे कळले, फार बरे वाटले.

मुख्य गोष्ट राहिली. दादांच्या वेळी तुझ्यासाठी थांबले नाहीत, म्हणून तू काकांशी किती वर्षे बोलला नाहीस ते मी पाहिले आहे. उद्या तशी वेळ आली, तर माझ्यासाठी थांबा असे धाकट्याला सांगून ठेवू, की थांबू नका म्हणू? वीस तासांचे तीस होणे सहज शक्य आहे, आणि तेवढा वेळ घरातल्यांना ताटकळत ठेवण्याचा हक्क मला आहे की नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला विचारू? निखिलला रविवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. फोन करू नकोस, ही शेजारीच बसलेली असते. दोन ओळी लिहून पाठव.

तुझा,
श्रीराम