रक्तातले अफलाटॉक्सिनही मोजा

महोदय,

मका-शेंगदाण्यावरच्या बुरशीचे विष, अफलाटॉक्सिन, धान्यात किती आहे याची तपासणी होते. माणसाच्या अंगात किती गेले, हे कोण पाहतो? हे विष यकृतात बदलून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते आणि बरेच दिवस तिथेच राहते. म्हणून एका नमुन्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या खाण्याचा हिशेब लागतो. २००४ मध्ये केनियात असा मका खाऊन १२५ जण दगावले, तेव्हा रुग्णांच्या रक्तातही हेच दिसले. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात शंभरावर माणसे गेली, तीही गरीबच. भिजलेला मका फेकून देणे त्यांना परवडणारे नव्हते.

हिपॅटायटिस-बी असलेल्यांना या विषामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो. निदान त्यांचे रक्तनमुने तरी आरोग्य विभागाने दर पावसाळ्यानंतर तपासावेत.

– एक वाचक, नंदुरबार