सूचना : सूचिपर्णी झाडांखालच्या मातीची तपासणी

सर्व सभासदांना,
येत्या रविवारी सकाळी ७ वाजता रस्त्याकडेच्या सूचिपर्णी झाडांखालचे मातीचे नमुने घ्यायचे आहेत. देखभालीची जबाबदारी असलेल्यांनी यावेच. फाटकापाशी जमू.

सुया, म्हणजे या झाडांची सुईसारखी पाने, टोकाकडून तपकिरी होत असतील, तर पाणी कमी पडले असे लगेच समजू नका. मातीत क्षार वाढले की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. मातीची विद्युतवाहकता (क्षार किती आहेत हे दाखवणारे माप) ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली, तर माती क्षारयुक्त धरतात. नाजूक जातींना त्याआधीच त्रास होतो.

– नमुना मुळांच्या खोलीवरून घ्या, नुसता वरचा थर नको.
– निकाल येईपर्यंत रासायनिक खत पूर्ण बंद. ही विनंती नाही, नियम समजा.
– खारे बोअरचे पाणी सुयांवर फवारू नका.

निचरा चांगला असेल तिथे गोड्या पाण्याने क्षार धुता येतील. जिप्सम (मातीतले सोडियम हटवायला टाकतात ते खनिज) मात्र सोडियम जास्त निघाले तरच.