पहिल्या क्रमांकाची हमी नको

महोदय,
शेतमालाच्या ऑनलाइन विक्रीवरील आपल्या अंकातील लेख वाचला. थेट ग्राहक गाठावा, हे पटले. पण त्यासाठी एजन्सी नेमून गुगलवर पहिला क्रमांक मिळवावा, हा सल्ला शेतकऱ्याला खड्ड्यात घालणारा आहे. अशा क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलच आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगते. तरीही गेल्या हंगामात एका एजन्सीने हीच हमी देऊन माझ्याकडून अठरा हजार रुपये घेतले. आमचा बेदाणा सर्वांत वर दिसला खरा, पण 'प्रायोजित' या शब्दाखाली, म्हणजे जाहिरात म्हणून. पैसे संपले, त्या दिवशी तोही गायब.

याउलट मुलीने साध्या मराठीत लिहिलेले इंटरनेटवरचे एक पान आजही ग्राहक आणते. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीवर कसे पसरतो, हिरवा बेदाणा सावलीतच का वाळवतो, हे तिने फोटोंसह मांडले आहे. फोन करणारे नेमके तेच विचारतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हेही अनेकांना तिथेच कळते.

ऑगस्ट २०२४ पासून गुगल भारतात अनेक शोधांवर एआयने तयार केलेले उत्तर सर्वांत वर दाखवू लागले आहे. ते उत्तर इंटरनेटवरच्या मजकुरातूनच बनते. आपण लिहिले नाही, तर आपल्या बेदाण्याविषयी दुसराच कोणी सांगणार. म्हणून कृषी विभागाने शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी अशा लेखनाची कार्यशाळा तासगावात घ्यावी, ही विनंती.

– एक बेदाणा उत्पादक, तासगाव (जि. सांगली)