छोटी नावं धरून ठेवणारे सगळे साठेबाज नव्हेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात इंटरनेटवरच्या छोट्या नावांच्या व्यापाराबद्दल लेख आला होता. दोन, तीन, चार अक्षरी डॉट कॉम नावं विकत घेणाऱ्यांना त्यात सरसकट ‘साठेबाज’ म्हटलं आहे. साठेबाज ओळखायची खूणही दिली आहे: नाव टाइप करून बघा, काही उघडलं नाही तर कुणीतरी ते दाबून बसलंय असं समजा. गेली सोळा वर्षं मी हाच व्यवसाय करते. त्याआधी अकरा वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होते. या धंद्यात वाईट माणसं आहेत, त्यांच्याशी माझी गाठही पडली आहे. पण लेखातल्या खुणेनं ती सापडत नाहीत, बोट भलत्याच माणसावर जातं. म्हणून हे पत्र.

या नावांना एवढी किंमत का, हे साध्या गुणाकारानं कळतं. इंग्रजी अक्षरं २६. म्हणजे दोन अक्षरी डॉट कॉम जगात फक्त ६७६, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६. यात एकाचीही भर पडू शकत नाही. एक अक्षरी नावं तर १९९३ मध्येच राखून ठेवली गेली. आधी दिली गेलेली क्यू, एक्स आणि झेड एवढीच चालू राहिली. त्यातलं झेड डॉट कॉम निसान या मोटार कंपनीकडे होतं. २०१४ मध्ये जपानच्या जीएमओ कंपनीनं त्याचे जवळपास ६८ लाख डॉलर मोजले.

छोट्या नावांचे पहिले मालक गुंतवणूकदार नव्हतेच. सप्टेंबर १९९५ पर्यंत डॉट कॉम नाव नोंदवायला पैसे पडत नव्हते. मग दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात झाली. त्या काळात लोक आपल्या संस्थेची आद्याक्षरं नोंदवून मोकळे व्हायचे. एफबी डॉट कॉम अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या संघटनेकडे, फार्म ब्यूरोकडे होतं. एफ फार्मचा, बी ब्यूरोचा. २०१० मध्ये फेसबुकनं ते ८५ लाख डॉलरला घेतलं. फेसबुक जन्माला येण्याआधीपासून आपलीच आद्याक्षरं वापरणाऱ्या त्या शेतकऱ्यांना साठेबाज म्हणता येईल का?

त्यानंतर आले माझ्यासारखे लोक, ज्यांनी नावं विकत घेतली ती पुढे विकण्यासाठीच. मी ते लपवत नाही. आमच्यातही दोन जाती आहेत. काही जण आज घेऊन पंधरवड्यात काढतात, त्यांचं लक्ष ‘फ्लोअर’वर असतं. फ्लोअर म्हणजे त्या लांबीच्या वाईटातल्या वाईट नावाला दुसरा व्यापारी लगेच देईल तो भाव. दुसरे दहा-दहा वर्षं नाव धरून ठेवतात, दर वर्षी नावामागे दहा-बारा डॉलर भरून रिन्यू करतात आणि ज्याला त्या अक्षरांची खरी गरज आहे त्याची वाट बघतात. मी या दुसऱ्यांतली. माझ्याकडे तीनशेच्या आसपास नावं आहेत. वर्षाला त्यातली चार-पाच विकली गेली तर वर्ष बरं गेलं असं मी मानते.

छापखान्यातल्या कामामुळे मला अक्षरांची नजर होती. इंग्रजी मजकुरात ई पानापानावर सांडलेला असतो, क्यू, एक्स आणि झेड शोधावे लागतात. नावांच्या बाजारातही तेच होतं. स्वर असलेलं नाव उच्चारता येतं म्हणून महाग. क्यू, एक्स, झेड असलेलं नाव कुणाच्या आद्याक्षरांशी जुळत नाही म्हणून स्वस्त. २०१५ मध्ये हे सगळं उलटं झालं. चिनी गुंतवणूकदार मोठ्या संख्येनं उतरले. चिनी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची जी पिनयिन पद्धत आहे, तिच्यात आय, यू आणि व्ही या अक्षरांनी शब्द सुरूच होत नाहीत, आणि ए, ई, ओ नं सुरू होणारे थोडेच. त्यांनी ही सहा अक्षरं बाद केली. फक्त उरलेल्या वीस अक्षरांतून बनलेल्या नावांना बाजारात ‘चिप’ म्हणू लागले. आकडी नावांत ४ नको, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. ८ मात्र हवाच. त्या वर्षी चीनचा शेअर बाजार कोसळला होता आणि तिकडचा पैसा इकडे वळला, असं तेव्हा सगळेच म्हणत. काही शे डॉलरची चार अक्षरी चिप वर्षअखेरीला दोन हजारांच्या घरात गेली.

पाच वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेल्या माझ्या नावांसाठी एका संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत तीन मेल आल्या. नाव काय आहे हे कुणी वाचतही नव्हतं. यादी पाठवायची, समोरून सगळ्यांचा मिळून एक आकडा यायचा. मी नऊ नावं विकली. आणि मग डिसेंबरात, भाव अजून चढणार या खात्रीनं, एकोणीसशे डॉलरच्या भावानं चौदा चिप घेतल्या. पुढच्या वर्षी बाजार बसला. सोळा महिने धरून शेवटी निम्म्याहून कमी भावात काढल्या. त्या वेळी मी दुसऱ्या जातीची राहिले नव्हते, पहिल्या जातीची झाले होते. त्यानंतर कुणाच्या तरी उपयोगाची वाटत नाहीत अशी अक्षरं मी घेतलेली नाहीत.

खरेदीदार कसे वागतात हेही लेखात यायला हवं होतं. मोठी कंपनी कधी स्वतःच्या नावानं विचारत नाही. ‘मी विद्यार्थी आहे, शाळेच्या प्रकल्पासाठी हे नाव हवंय, पन्नास डॉलर देऊ शकतो’ अशी मेल येते आणि सहा महिन्यांनी कळतं की मागे नामांकित ब्रोकर होता. विक्रेतेही कमी नाहीत. विचारणारा कोण आहे याचा माग लागला की आदल्या दिवशी सांगितलेला भाव चौपट करणारे मी पाहिलेत. हे मला अजिबात पटत नाही. मी भाव लेखी सांगते आणि तो तीस दिवस बदलत नाही, समोर कुणीही निघो.

दुसऱ्याचं नावाजलेलं नाव नोंदवून त्यालाच वेठीला धरणारे आहेतच. त्यांच्यासाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची तक्रार-व्यवस्था आहे. नाव आपल्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूनं नोंदवून वापरलं आहे, या तिन्ही गोष्टी तक्रारदारानं सिद्ध करायच्या असतात. तीन अक्षरं एकाच वेळी पन्नास संस्थांची आद्याक्षरं असू शकतात, म्हणून तिथे नुसतं नाव बाळगणं हा गुन्हा धरत नाहीत. उलट, पैसे देऊन विकत घ्यायला नको म्हणून खोटी तक्रार करणाऱ्या कंपन्यांवरही याच व्यवस्थेत ताशेरे ओढले गेले आहेत.

पण मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती चोरीची. लेखात तिचा उल्लेखच नाही.

तीन वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास मला मेल आली. तीन अक्षरी डॉट कॉम, सहा हजार डॉलर, पण आजच्या आज. त्या वेळी वाईटातलं वाईट तीन अक्षरी नावही याच्या तिप्पट भावाखाली मिळत नव्हतं. मी एस्क्रोचं विचारलं, म्हणजे पैसे मध्यस्थाकडे ठेवून नाव मिळाल्यावर सोडायचे. नको, क्रिप्टोत द्या, असं उत्तर आलं. मी त्या नावाच्या मालकीच्या जुन्या नोंदी उघडल्या. १९९६ पासून एकच मालक, एकच पत्ता. अकरा दिवसांपूर्वी अचानक रजिस्ट्रार, म्हणजे नाव जिच्याकडे नोंदवलेलं असतं ती कंपनी, बदललेला. मेल सर्व्हर, म्हणजे त्या नावावरची मेल जिथे येते ते यंत्र, मात्र जुनाच! तिथे मी थांबले. खरा मालक नाव विकतो तेव्हा आपली मेल आधी दुसरीकडे हलवतो. चोर मात्र तिला हात लावत नाही, कारण मेल बंद पडली की मालकाला लगेच कळतं.

जुन्या नोंदीत एक फोन नंबर होता. सकाळी लावला. एका वयस्क गृहस्थांनी उचलला. जमिनीच्या मोजणीची त्यांची फर्म होती, ती तीन अक्षरं तिचीच. फर्म बंद करून नऊ वर्षं झाली होती, ते नाव फक्त स्वतःच्या मेलसाठी वापरत. मी सांगितलं तर ते म्हणाले, “छे हो, माझी मेल चालू आहे की.” मी त्यांना रजिस्ट्रारच्या खात्यात शिरायला सांगितलं. पासवर्ड चालेना. त्या खात्याला जोडलेला मेल पत्ता दुसऱ्याच एका जुन्या डोमेनवरचा, म्हणजे इंटरनेटवरच्या नावावरचा, होता. ते डोमेन त्यांनी रिन्यू केलं नव्हतं. चोरानं ते बेवारस डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवलं, पासवर्ड बदलण्याची मेल तिथे मागवली आणि खातं ताब्यात घेतलं. दोन रजिस्ट्रारांमध्ये कागदपत्रं फिरली, सात आठवड्यांनी नाव परत मिळालं. आपल्या वाचकांपैकी कुणाकडे जुनं नाव असेल तर त्यांनी आजच खात्याला कोणता मेल पत्ता जोडलाय ते बघावं, नाव परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून त्याला लॉक आहे ना ते बघावं.

मला लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या अकरा दिवसांत आमच्याच व्यवसायातल्या दोन अनुभवी माणसांनी त्या नावावर बोली लावली होती. एवढं स्वस्त का, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. पी-टू-पी डॉट कॉम हे नाव २००६ मध्ये असंच चोरीला गेलं आणि ईबेवर एक लाख दहा हजार डॉलरहून अधिक किमतीला एका बास्केटबॉल खेळाडूला विकलं गेलं. चोराला २०११ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. हे प्रकरण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, तरी बोली लागतात. स्वस्तात मिळणारं छोटं नाव कुठून आलं हे न विचारता घेणाऱ्याला मी गुंतवणूकदार मानत नाही.

मे २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून नावांच्या सार्वजनिक नोंदीतून मालकाची माहिती बहुतेक झाकली गेली. खासगीपणाचा हक्क मला मान्य आहे. पण त्याआधीची नोंद जपलेली नसती तर मला तो फोन नंबर मिळाला नसता. मालकाचं नाव झाकलेलं राहू द्या. मालक कोणत्या तारखेला बदलला, एवढं तरी कुणालाही सहज दिसलं पाहिजे. आपल्या वृत्तपत्रानं हा विषय लावून धरावा अशी माझी विनंती आहे.

ते गृहस्थ आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचं नाव टाइप केलं तर आजही काही उघडत नाही, त्यांनी त्यावर कधी वेबसाइट केलीच नाही. चोराच्या ताब्यात होतं त्या दिवसांतही काही उघडत नव्हतं.

आपली,
एक जुनी वाचक