भाकरी कमी कर, पण कोरड्यासही बदल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कमी कर्बोदकांच्या आहाराचा आठवड्याचा तक्ता नीट वाचला. ॲव्होकाडो, बदामाचं पीठ, चीज आणि बटर घातलेली कॉफी. तुझे बाबा म्हणाले, "चार दिवसांचं खूळ." मला तसं वाटत नाही. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, ६.१ आली म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर आहेस, आणि आपल्या घरात साखर दोन्ही बाजूंनी आहे. तिशीच्या आत चपाती-भात कमी करायचं मनावर घेतलंस, बरं केलंस. फक्त तो तक्ता ज्याने लिहिला त्याला वाकडच्या फ्लॅटमध्ये, एका शेगडीवर, सकाळी आठची बस गाठायची नव्हती, एवढं मला पहिल्या ओळीतच कळलं.

खानावळीत मी हा प्रकार नेहमी बघते. कुणीतरी येऊन सांगतं, "काकू, आजपासून चपाती बंद." मग दोन वाट्या भाजी जास्त घेतं. गुरुवार उजाडेपर्यंत स्वारी परत चार चपात्यांवर. लोक म्हणतात, मनावर ताबा नाही. ताब्याचा प्रश्नच नसतो. आपली भाजी भाकरीला लावून खायला केलेली असते. भाकरीत आणि भातात मीठ नसतं, म्हणून त्यांच्या वाटचं मीठ-तिखट आपण कोरड्यासात, म्हणजे सोबतच्या भाजी-आमटीत, घालतो. भाकरी काढून घेतलीस आणि तेच कोरड्यास दुप्पट खाल्लंस, तर तोंड पोळतं, रात्रभर पाणी प्यावं लागतं आणि पोट मात्र रिकामं ते रिकामंच. तेव्हा पहिली गोष्ट ही कर. मीठ-तिखट नेहमीच्या निम्म्याने घाल आणि भाजी वाटीत न घेता ताटलीत घे. चमच्याने खायची आहे या हिशेबाने शिजव.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चपाती सोडणारा माणूस बहुधा तेलालाही भितो. इकडे धान्य काढलं, तिकडे भाजी थेंबभर तेलात केली, मग खायला उरलं काय? एका चपातीला तीस ग्रॅम पीठ धर, म्हणजे वीसेक ग्रॅम कर्बोदकं आणि शंभरेक कॅलरी. तीन चपात्या सोडल्यास तर तीनशे कॅलरींचा खड्डा पडला. तो काकडीने बुजत नाही. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांनी बुजतो. त्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास स्निग्ध, बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं आणि आठेक ग्रॅम कर्बोदकं असतात. यात बदामाच्या पिठाची गरज कुठे आली? किलोमागे त्याचा भाव बघितलास का?

भरली वांगी कशी करायची ते सांगते, म्हणजे बाकीचं तुझं तुला जमेल. चार लहान, काटेरी देठाची वांगी घे. पन्नास ग्रॅम शेंगदाणे मंद भाजून, सालं काढून भरड कुटून घे. पार पूड केलीस तर रस्सा पिठूळ होतो. त्यात दोन चमचे भाजलेले तीळ, मूठभर किसलेलं सुकं खोबरं, लसूण, थोडा कांदा-लसूण मसाला, मीठ बेताचं. गूळ नको, चिंच चवीपुरती. भाकरीबरोबर करतो तेव्हा चार वांगी तिघांना पुरतात, ही तुझ्या एकट्याची. तेल मोकळ्या हाताने घाल. वांगी झाकण ठेवून वाफेवर शिजू देत आणि तेल कडेला सुटलं की गॅस बंद. वर घट्ट दह्याची वाटी घेतलीस की संध्याकाळपर्यंत भूक लागणार नाही.

हाच हिशेब दोडक्याला, घोसाळ्याला, ढोबळी मिरचीला. मेथी आणि शेपू दाण्याच्या कुटात, कोबी खोबऱ्यात. पनीर बुर्जी, अंडी, सुकं मटण, बांगडा हे सगळं तसंच्या तसं चालतं. आपला पांढरा रस्सा तर या आहारासाठीच केल्यासारखा आहे. मटणाचा अळणी स्टॉक, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. तेवढे काजू हात राखून घाल, त्यात शेंगदाण्यापेक्षा कर्बोदकं बरीच जास्त. तेल वाढव म्हणते म्हणजे तळण वाढव असं नाही हं. भज्याला बेसन आलंच, आणि बेसनात निम्म्याहून अधिक कर्बोदकंच असतात. पिठलंही त्यातच आलं.

आता तू जिथे फसशील त्या जागा. तासगावचे बेदाणे सुकामेवा म्हणून मूठभर तोंडात टाकतोस, त्या शंभर ग्रॅममध्ये साठेक ग्रॅम साखर असते. भडंग म्हणजे शेवटी तांदूळच. गूळ साखरेपेक्षा बरा ही आजीची समजूत, रक्तात गेल्यावर दोघांत फारसा फरक नाही. एकादशीला चपातीपासून सुटलो म्हणून साबुदाण्याची खिचडी खाशील, तर कोरड्या साबुदाण्यात शंभराला पंच्याऐंशीच्या वर नुसता स्टार्च आहे. वरीचा भातही त्याच माळेतला. त्या दिवशी दाण्याची आमटी नुसती पी, किंवा सरळ उपास कर. ऑफिसातल्या चहाचं तर विचारूच नको. दोन चमचे साखरेचा एक कप धरला तर चार कपांत दोन चपात्यांची कर्बोदकं झाली.

वरण-उसळ मात्र पार सोडू नको. त्या तक्त्यात डाळींवर फुली आहे. डाळीत कर्बोदकं आहेत हे खरं, पण रोज मटण-मासे न खाणाऱ्या माणसाची प्रथिनं आणि चोथा तिथूनच येतात. एक वाटी आमटी किंवा मटकीची उसळ ठेव. तुला दिवसाला वीस ग्रॅम कर्बोदकांवर उतरायची काही गरज नाही. तो कडक कीटो प्रकार १९२१ च्या सुमारास अमेरिकेत अपस्मार (फिट्स) असलेल्यांसाठी निघाला आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहिलास तरी त्याला कमी कर्बोदकांचा आहारच म्हणतात. आपण एरवी अडीचशे-तीनशे सहज खातो, तेव्हा शंभरावर आलास तरी पुष्कळ झालं.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलं म्हणून मित्रांना फोटो पाठवलेस म्हणे. त्यातलं बरंचसं पाणी आहे. शरीर ग्लायकोजेन म्हणून जी साखर साठवतं, ती स्वतःच्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून ठेवते. साठा संपला की पाणी निघून जातं, आणि इन्शुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठही बाहेर टाकतात. दुपारी डोकं जड होतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत म्हणालास, ते त्यामुळेच असणार. भाजीतलं मीठ कमी कर म्हटलं ते भाजीपुरतं. रोज दोन ग्लास ताक मीठ-जिरं घालून पीत जा. आठवड्याभरात थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखव.

तूपही आलंच. तूप-खोबऱ्यावर सगळा भार टाकू नको. शेंगदाणा, तीळ, करडईचं तेल, मासे हे धरून चल. या आहारात काहींचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलाच वर जातो, काहींचा जात नाही. तू कुठल्या गटातला ते लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, केल्याशिवाय कळणार नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी करशील त्याच रक्तात तेही करून घे. त्याआधी एचबीए१सी करून पैसे घालवू नको, ते साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवतं.

आणि बाबांना यात ओढू नको. "आई, त्यांनाही सुरू कर" असं तू तीनदा लिहिलंयस. ते मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. ती गोळी तुम्ही जेवलात किती हे बघत नाही, इन्शुलिन बाहेर काढायला लावते. उद्या मी त्यांच्या ताटातून भात काढला आणि गोळी तशीच राहिली, तर अकरा वाजता घाम फुटून रस्त्यात बसायचे. शिवाय गेल्या वर्षी डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची दुसरी गोळी जोडलीय. तिच्यावर असताना कर्बोदकं फारच तोडली तर रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली दिसत नसताना. डॉक्टरबाईंकडे जाऊन आधी गोळ्यांचं ठरवू, मग ताटाचं. तोवर मी त्यांची दुपारची झोपेआधीची जिलेबी बंद करण्याच्या मागे आहे, तिथे तुझी मदत चालेल.

तूच पाठवलेल्या त्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासाचं थोडं बोलू. २०१८ सालचा, सहाशे नऊ माणसांचा. कमी चरबीवाले आणि कमी कर्बोदकांवाले, वर्षअखेर दोघांचं वजन साधारण सारखंच उतरलं. तू तो तुझ्या बाजूचा पुरावा म्हणून पाठवलास, पण शेवटपर्यंत वाचला नाहीस वाटतं. मला त्यातून एवढंच दिसतं, की जो प्रकार तुला वर्षभर झेपेल तो तू निवडावास. डॉ. दीक्षितांचं दोन वेळा जेवायचं आणि ५५ मिनिटांत उरकायचं, तेही आमच्या खानावळीतल्या कितीतरी जणांना मानवलं. ते जेवणाच्या वेळांचं गणित, तुझं ताटातल्या जिनसांचं. तुला दिवसातून पाचदा फ्रिज उघडायची सवय, म्हणून तुला तुझंच सोपं जाईल असं मला वाटतं.

गणपतीला घरी येशील तेव्हा उकडीचे मोदक दोन खा. तीन नाही आणि शून्यही नाही. मावशीसमोर ग्रॅम मोजत बसू नको, तिचा चेहरा मला नंतर महिनाभर बघावा लागतो.

शनिवारी शेजारचे काका पुण्याला निघालेत, त्यांच्याकडे पिशवी देते. घाण्याचं शेंगदाणा तेल दोन लिटर, सुकं खोबरं, कारळाची आणि जवसाची चटणी. दाणे न भाजता पाठवतेय, लागतील तसे भाज. जवसाची चटणी आल्या आल्या फ्रिजमध्ये टाक, बाहेर राहिली की आठवड्यात खवट होते. तेलाचा कॅन परत पाठव, मागचे दोन अजून आले नाहीत.

तुझी,
आई