पेनची खरी किंमत सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

शेजारच्या आजींकडून मला विकत घ्यायचा होता तो जुना पार्कर ५१ चा सेट, म्हणजे शाईचा पेन आणि पेन्सिल, घेऊन आजींसोबत मी तुमच्याकडे आलो, तेव्हा माझ्या डोक्यात दोन आकडे होते. एक माझा, अंदाजाने धरलेला. दुसरा आजींच्या मुलाचा, कुठल्याशा जाहिरातीत पाहिलेला. दोन्हींत पाचपटींचा फरक. मधला आकडा काढून द्यावा आणि मोकळं व्हावं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. तुम्ही ते होऊ दिलं नाही, म्हणून हे पत्र.

शेजारचे आजोबा नेहमी सांगायचे, पेन १९४१ चा, पहिल्याच वर्षातला. तुम्ही काही न बोलता मागची दांडी फिरवून काढलीत. आत धातूची नळी, तिच्यावर दाबायची पट्टी. "ही दाबून शाई भरायची सोय १९४८ मध्ये आली. त्याआधीच्या पेनांना मागे खटका असायचा." एका वाक्यात सात वर्षं कमी झाली. सुरुवातीच्या पेनांमागे संग्राहक जास्त धावतात, म्हणजे त्या आठवणीसाठी आम्ही जादा पैसे मोजणार होतो.

मग तुम्ही निबवर थांबलात, आणि बराच वेळ थांबलात. या पेनाचा निब पुढच्या आवरणाखाली झाकलेला, बाहेर डोकावतं ते फक्त टोक. भिंग माझ्या हातात देऊन म्हणालात, सोनं बघू नका, टोकावरचा कठीण धातूचा मणी बघा. तो एका बाजूने किंचित झिजला होता, पण शिल्लक पुरेसा होता. मणीच संपला असता तर नवा बसवण्याचा खर्च पेनाच्या किमतीला खाऊन टाकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. १४ कॅरेटचा निब म्हटल्यावर मी मनात वजनाने हिशेब करत होतो. निबभर सोनं ते किती!

निब पाण्यात बुडवून पट्टी दाबलीत आणि बुडबुडे आले. आतली पारदर्शक पिशवी शाबूत, दुरुस्तीचा खर्च नाही. टोपणाची कड उजेडात फिरवून पोचे शोधलेत. क्लिपजवळ सोन्याचा मुलामा उडून पितळ दिसत होतं. मी ते पॉलिशने उजळवणार होतो, तर माझा हातच धरलात. पॉलिशने उरलासुरला मुलामाही जातो आणि दांडीवरची कोरीव अक्षरं पुसट होतात. ती अक्षरं ठसठशीत असणं हीसुद्धा किंमतच, हे तेव्हा कळलं. पेन्सिलीला ०.९ मिलिमीटरचं शिसं लागतं हेही तुम्ही सांगितलंत. नाहीतर मी आजकालचं ०.५ चं घालून ती बिघडली म्हणालो असतो. पेन आणि पेन्सिल एकाच नक्षीची, डबीसकट, म्हणून किंमत थोडी वर. पेन्सिलीला एकटीला फारसं कुणी विचारत नाही.

जाहिरातीतला आकडा तुम्ही एका झटक्यात बाजूला सारलात. मागितलेली किंमत नव्हे, ज्या किमतीला माल खरंच गेला ती बघायची, आणि तीही याच अवस्थेतल्या सेटची. असे चार व्यवहार तुम्ही मांडलेत. आकडा निघाला तो मुलाच्या आकड्याच्या खूप खाली, पण माझ्या दुप्पट. "तुमचा अंदाज फारच कमी होता," एवढंच म्हणालात. मला लाज वाटली. बरं झालं वाटली.

एका गोष्टीसाठी मात्र वेगळे आभार मानायचे आहेत. टोपणावर आजोबांचं नाव कोरलंय, आणि नाव असलं की किंमत उतरते. आजी तेव्हा समोरच बसल्या होत्या, त्याच अक्षरांवरून बोट फिरवत. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. त्या आत पाणी प्यायला गेल्या, तेव्हा हळूच मला सांगितलंत, आणि हिशेबात तेवढं धरलंत.

आजींनी पैसे मोजून घेतले. पेन माझ्याकडे आहे, आणि हे पत्र मी त्यानेच लिहितो आहे.

तुमचा,
भिंग परत करायला विसरलेला
(रविवारी घेऊन येतो.)