टाय राहू द्या, आधी व्हर्नियर हातात घ्या

संपादक महोदय,

डिप्लोमाचे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांत मुलाखतीच्या तयारीवरचे लेख सुरू होतात. हस्तांदोलन कसे करावे, खुर्चीत कसे बसावे, टाय कोणत्या रंगाचा असावा. याच सुमारास पॉलिटेक्निकमध्ये ‘व्यक्तिमत्त्व विकासा’ची दोन दिवसांची शिबिरेही होतात. सल्ला खोटा नाही, पण तो बँकेत किंवा आयटीत जाणाऱ्याच्या मापाने शिवलेला असतो. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूरच्या कारखान्यांत ट्रेनी म्हणून जाणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलामुलींची मुलाखत जिथे अडते, त्या जागा या लेखांत सापडत नाहीत.

टायचेच घ्या. चालू लेथजवळ (जॉब, म्हणजे कामाचा धातूचा तुकडा, फिरवून कापणारे यंत्र) टाय घालून कोणी उभे राहू देत नाही, कारण फिरत्या जॉबमध्ये तो गुंडाळला गेला तर माणूस मानेसकट ओढला जातो. बोलणे झाल्यावर अनेक ठिकाणी उमेदवाराला शॉप फ्लोअरवर फिरवून आणतात. तिथे टाय, सैल ओढणी, हातातले कडे काढायला आणि मोकळे केस बांधायला लावतात. पायात सँडल असेल तर आत सोडतच नाहीत. खोचलेला इस्त्रीचा शर्ट किंवा साधा ड्रेस, पुढून बंद असलेले बूट, एवढे पुरते.

खरी परीक्षा टेबलावर असते. समोर व्हर्नियर (जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घेण्याची सरकती पट्टी) आणि एखादा बुश (धातूचे पोकळ नळकांडे) ठेवतात आणि म्हणतात, ‘माप घे.’ बघणारा आकड्याच्या आधी हात बघतो. जबडे पुसले का? ते बंद करून शून्याला शून्य जुळते का, हे पाहिले का? जॉब जबड्यांच्या टोकाला न धरता आतल्या बाजूला धरला का? वाचताना नजर सरळ रेघेवर आहे की तिरकी? मग आकडा. मुख्य पट्टीवर 24 मिमी ओलांडले आणि व्हर्नियरची 17 वी रेघ जुळली, तर 17 गुणिले 0.02 म्हणजे 0.34, एकूण 24.34 मिमी. लीस्ट काउंट (साधनाने घेता येणारे सर्वांत लहान माप) 0.02 हे सगळ्यांना पाठ असते. ते आले कुठून, असे विचारले की पुष्कळांची गाडी थांबते. मुख्य पट्टीवरच्या 49 मिमीचे व्हर्नियरवर 50 भाग केलेले असतात, म्हणून तिथला एक भाग 0.98 मिमीचा, 1 मिमीशी फरक 0.02. हे कागदावर एकदा स्वतः काढून पाहिले की विसरायला होत नाही.

मायक्रोमीटरमध्ये (स्क्रू फिरवून आणखी बारीक माप घेण्याचे साधन) दोन चुका ठरलेल्या. रॅचेट (ठरावीक दाबानंतर घसरणारी टोकाची फिरकी) सोडून थिंबलच (फिरता नळा) आवळायचा, त्यामुळे माप कमी येते. आणि स्लीव्हवर (रेघा असलेला स्थिर नळा) अर्ध्या मिमीची रेघ उघडी पडलेली दिसत नाही, मग माप नेमके 0.5 ने चुकते. ही दुसरी चूक मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळते, आणि ती करणाऱ्याला तपासणीच्या कामावर ठेवायचे धाडस तो करत नाही.

यानंतर ड्रॉइंग. 25 एच7 (एच7 म्हणजे मापाला किती सूट आहे त्याची खूण) लिहिलेले भोक म्हणजे 25.000 ते 25.021 मिमी. प्लग गेजची (भोक तपासायचा दोन टोकांचा दांडा) ‘गो’ बाजू खालच्या मर्यादेची, ‘नो गो’ वरच्या. गो आत गेली नाही तर भोक लहान आहे, अजून काम करून जॉब वाचवता येतो. नो गो आत गेली तर भोक मोठे झाले, जॉब बाद. हा ‘वाचतो की बाद होतो’ इथला फरक ज्याला आपल्या शब्दांत सांगता येतो, त्याच्याकडे समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बघतो. एम10 चे (10 मिमी व्यासाचे) 1.5 पिचचे (शेजारच्या दोन आट्यांतले अंतर) आटे पाडायला ड्रिल कितीचे? 8.5 मिमी, दहातून पिच वजा. प्रश्न असलेच असतात. सगळे अभ्यासक्रमातले, पण परीक्षेत पाच मार्कांना लिहून सोडून दिलेले.

प्रोजेक्टवर मुले सर्वांत जास्त घसरतात. कारण उघड आहे: तयार प्रोजेक्ट विकत मिळतो. रिझ्युमेवर मोठे नाव असते आणि ‘यात बेअरिंग कोणते वापरले?’ या प्रश्नावर शांतता. निदान जे आणले ते उघडून तरी बघावे. बेअरिंगवर 6204 असेल तर शेवटच्या 04 ला पाचने गुणायचे, आतला व्यास 20 मिमी. (00 ते 03 ला हा हिशेब लागू नाही, ते अनुक्रमे 10, 12, 15 आणि 17 मिमी.) मोटर किती वॅटची, शाफ्टचे मटेरियल कोणते, तेच का घेतले, खर्च किती आला आणि स्वतः नेमके काय केले, ही पाच उत्तरे तयार नसतील तर प्रोजेक्टचे नाव रिझ्युमेत मोठ्या अक्षरांत छापू नये. चौघांच्या गटात वेल्डिंग मित्राने केले असेल तर तसे सांगावे. ‘ड्रॉइंग मी काढले, वेल्डिंग त्याने केले’ यात कमीपणा काही नाही.

‘स्वतःबद्दल सांगा’ याला एक मिनिट पुरे. नाव, गाव, कोर्स, ट्रेनिंग कुठे आणि कोणत्या मशीनवर, प्रोजेक्टमध्ये आपला वाटा. वडील काय करतात, बहीण कितवीत आहे, हे विचारले तर सांगावे. एटीकेटी लागली असेल तर विषय आणि तो कधी सुटला हे एका वाक्यात सांगून पुढे जावे. मार्कशीट त्यांच्या हातातच असते, लपवून काय उपयोग? पाठ केलेले इंग्रजी मध्येच अडकण्यापेक्षा ‘सर, मराठीत सांगितले तर चालेल का?’ असे विचारावे. आपल्याकडच्या कारखान्यांत बहुतेकदा चालते, कारण टूल, फिक्स्चर, रिजेक्शन हे शब्द तसेही दोन्हीकडे तेच आहेत. येत नसेल ते ‘येत नाही’ म्हणावे. अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तरावर दुसरा प्रश्न येतो, मग तिसरा.

रिझ्युमे सायबर कॅफेत करून घेतात, तिथे आधीच्याच कोणाच्या फाइलवर नाव बदलले जाते. त्यामुळे कधी मोबाइल नंबर दुसऱ्याचा राहतो, कधी खालची तारीख गेल्या वर्षाची, आणि वरचे ‘ऑब्जेक्टिव्ह’ तर सगळ्यांचे अक्षरशः सारखे. ते काढून टाकावे. एक पान, तेवढ्यात ट्रेनिंग, हाताळलेली मशीन व मापन साधने, सॉफ्टवेअर आणि सहाही सेमिस्टरचे टक्के. टक्के मार्कशीट समोर ठेवून लिहावेत.

कागदपत्रांचे दुखणे वेगळे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग, बँकेत तिसरे. निवड झाल्यावर पीएफचा नंबर काढताना हे सगळे आडवे येते, म्हणून आधारची दुरुस्ती मुलाखतींचा हंगाम सुरू होण्याआधी करून ठेवावी. मूळ कागद क्रमाने लावलेल्या फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच, फोटो चार. मूळ मार्कशीट दाखवावी, पण कोणाकडे ठेवून येऊ नये. आणि मुलाखत, गणवेश किंवा मेडिकलच्या नावाखाली कोणी आधी पैसे मागितले तर उठून यावे.

वेळेबद्दल एवढेच, की दहाची मुलाखत म्हणजे साडेनऊला गेटवर. मोठ्या कारखान्याला दोन-तीन गेट असतात, कोणत्या गेटवर यायचे ते आदल्या दिवशी फोन करून विचारावे. रजिस्टर, पास, मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर यात वीस मिनिटे सहज जातात. चाकण चौकातल्या कोंडीचा हिशेब वेगळा धरावा.

‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ याला मान हलवून ‘नाही’ म्हणू नये. नोकरी कंपनीच्या रोलवर आहे, कंत्राटदाराकडे की अप्रेंटिस म्हणून? शिफ्ट किती, बस कुठून? आणि सांगितलेला आकडा सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आहे की हातात येणारा? महिना 20 हजार सीटीसी ऐकून मुले खूश होतात. समजा, त्यातला ग्रॉस (कपातीआधीचा पगार) 18 हजार आणि मूळ पगार 12 हजार आहे. मग पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयसीचे (कामगार विमा) 0.75 टक्के म्हणजे 135 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) वजा होऊन हातात 16,225 पडतात. कँटीनची कपात असेल तर ती आणखी. महिलांना महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही. खोलीचे भाडे आणि डबा याच रकमेतून भागवायचा असतो, म्हणून विचारण्यात संकोच कसला?

पॉलिटेक्निकांच्या प्राचार्यांना आणि प्लेसमेंट अधिकाऱ्यांना आपल्या पत्रातून एक विनंती. मेट्रॉलॉजी (मापन) लॅबचे कपाट प्रॅक्टिकलच्या तासाखेरीज कुलपात असते. कॅम्पस मुलाखतींच्या आधीचे चार शनिवार, दोन-दोन तास, ते अंतिम वर्षाच्या मुलांसाठी उघडे ठेवावे. एका टेबलावर दोनच मुले आणि मोजायला दहा वेगवेगळे जॉब. प्रत्येकाने दहाही मापे लिहायची आणि शेजाऱ्याशी ताडून बघायची, 0.02 पेक्षा जास्त फरक आला तर दोघांनी पुन्हा मोजायचे. याला पाहुणा वक्ता लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते लॅब असिस्टंट त्या दिवशी रजेवर नसले म्हणजे झाले.

— एक निवृत्त गुणवत्ता अधिकारी, चिंचवड